डोंगराऐवजी रस्ता: एका उन्हाळ्यात हौशी शर्यती कशा पळाव्यात

नियमित डोंगर चढणारा माणूस पळायला लागला की पहिल्या दोन आठवड्यांतच फसतो. कारण त्याला पळणं जमतं. सॅक पाठीवर घेऊन आठ-आठ तास चालणाऱ्याचं हृदय आणि फुप्फुसं तयार असतात. पहिल्याच दिवशी तो चार-पाच किलोमीटर पळतो, धाप लागत नाही. मग त्या आठवड्यात चार वेळा पळतो, पुढच्या आठवड्यात अंतर वाढवतो आणि पाचव्या आठवड्याच्या सुमाराला नडगी चोळत घरी बसतो.

दम तयार आणि पाय कच्चे, ही डोंगरवाल्याची खरी अडचण आहे. चालताना एक पाऊल कायम जमिनीवर असतं आणि प्रत्येक पावलाला पायावर येणारा जोर शरीराच्या वजनापेक्षा थोडाच जास्त असतो. पळताना दोन्ही पाय क्षणभर हवेत असतात आणि उतरणारा पाय वजनाच्या दोन ते अडीच पट जोर झेलतो. किलोमीटरला सहा मिनिटं या वेगाने, मिनिटाला १६५ पावलं टाकत ५ किलोमीटर पळलात तर सुमारे ४,९५० पावलं पडतात, म्हणजे प्रत्येक पायाला जवळपास अडीच हजार दणके. स्नायू हे काही आठवड्यांत शिकतात, पण हाडं आणि टाचेमागची शीर (पोटरीला टाचेशी जोडणारा जाड पट्टा) यांना महिने लागतात. त्यातही हाड नव्या भाराला सामोरं जाताना आधी थोडं झिजतं आणि मग भरतं. मधल्या काही आठवड्यांत ते पूर्वीपेक्षा नाजूक असतं, आणि नेमकं तेव्हाच माणसाला आपण जोरात आल्यासारखं वाटतं. म्हणून डोंगराऐवजी रस्त्यावरच्या शर्यतींना दिलेल्या या उन्हाळ्याचं सोळा आठवड्यांचं वेळापत्रक पायांना विचारून ठरवायचं. छाती काय म्हणते ते बाजूला ठेवायचं.

पहिले चार आठवडे: शर्यत नाही

आठवड्यातून तीन दिवस, मध्ये किमान एक दिवस रिकामा. प्रत्येक वेळी आधी पाच मिनिटं झपझप चालायचं आणि शेवटी पाच मिनिटं सावकाश. मधला भाग असा:

पहिला आठवडा: १ मिनिट पळणं, २ मिनिटं चालणं, आठ वेळा.
दुसरा: २ मिनिटं पळणं, २ मिनिटं चालणं, सहा वेळा.
तिसरा: ४ मिनिटं पळणं, १ मिनिट चालणं, पाच वेळा.
चौथा: ९ मिनिटं पळणं, १ मिनिट चालणं, तीन वेळा.

डोंगर चढणाऱ्याला पहिले दोन आठवडे फारच सोपे वाटतात आणि इथेच मोह होतो. उरलेला दम चालण्यात किंवा सायकलवर खर्च करा, पळण्याची मिनिटं वाढवू नका. वेग असा ठेवा की शेजारच्याशी पूर्ण वाक्यात बोलता यावं. वाक्य तुटायला लागलं की वेग जास्त झाला.

याच चार आठवड्यांत पोटऱ्या घडवायच्या. जाड, ताठ तळव्याच्या ट्रेकिंग बुटात पाऊल फारसं वाकत नाही, घोट्यालाही आधार असतो. हलक्या शूजमध्ये ते सगळं काम पोटरी आणि टाचेच्या शिरेवर येतं. पायरीच्या कडेवर चवडे टेकवून टाचा वर-खाली करायच्या: गुडघा सरळ ठेवून १५ वेळा, मग गुडघा किंचित वाकवून १५ वेळा. असे तीन फेरे, आठवड्यातून दोनदा. गुडघा वाकवला की पोटरीतला आतला, खोलवरचा स्नायू कामाला लागतो, आणि पळताना जास्त भार त्याच्यावरच असतो, त्यामुळे तो भाग गाळू नका. आधी दोन्ही पायांवर, जमायला लागलं की एका पायावर. एका पायावर सलग वीस-पंचवीस वेळा टाच पूर्ण उंचीपर्यंत उचलता आली की पोटरी शर्यतीला तयार आहे असं धरायला हरकत नाही.

पावलांची लय बदलावी लागते. चढणीवर लांब, ठाम ढांग टाकायची सवय असते. तीच सपाट रस्त्यावर आणली तर पाय शरीराच्या बराच पुढे, गुडघा सरळ असताना आपटतो आणि प्रत्येक पाऊल ब्रेक लावल्यासारखं पडतं. अर्ध्या मिनिटात उजवा पाय किती वेळा टेकतो ते मोजा आणि चाराने गुणा. उत्तर १५५ च्या खाली आलं तर पावलं थोडी आखूड आणि थोडी भरभर टाका, पाच टक्क्यांहून जास्त फरक एकदम करू नका. मिनिटाला १८० पावलं हवीत असं सांगितलं जातं, पण हा आकडा सगळ्यांसाठी नसतो. उंच माणसाची आणि सावकाश पळणाऱ्याची लय कमीच असते.

शूज

ट्रेकिंगचे बूट किंवा जाड खाचांचे ट्रेल शूज डांबरी रस्त्यावर वापरू नका. खाचा लवकर झिजतात आणि ताठ तळवा पाऊल वळू देत नाही. रस्त्यावरचे साधे, गादीदार रनिंग शूज घ्या. संध्याकाळी, पाय थोडे सुजलेले असताना, पळताना घालणार तेच मोजे घालून मापा. सर्वांत लांब बोटापुढे अंगठ्याच्या नखाएवढी रुंद मोकळी जागा हवी. टाच आणि चवडा यांच्या उंचीतला फरक ८ ते १० मिलिमीटर असलेली जोडी सुरुवातीला बरी, अगदी सपाट जोडीत पोटरीवर एकदम ताण येतो. तळव्यात ताठ कार्बन पट्टी बसवलेल्या महागड्या शूजची या उन्हाळ्यात काही गरज नाही.

टाच आत सरकत असेल तर सर्वांत वरचं, सहसा रिकामं राहणारं जादा छिद्र वापरा. नाडी त्याच बाजूच्या त्या छिद्रातून आत घालून छोटा फास करा, दोन्ही बाजूंना. मग प्रत्येक नाडीचं टोक समोरच्या फासातून ओवून खाली आणि मागे ओढा. टाच घट्ट बसते आणि चवड्यावर ताण येत नाही. नवीन जोडी शर्यतीआधी किमान ४० किलोमीटर वापरलेली असावी.

शर्यती निवडणं

पुढचे बारा आठवडे शर्यतींचे. दर रविवारी कुठे ना कुठे शर्यत असते आणि डोंगर नसल्याने रविवार मोकळे वाटतात, म्हणून लोक आठ-दहा ठिकाणी नावं नोंदवून बसतात. पाच पुरे. त्यातल्या दोनच जीव तोडून पळायच्या.

पाचव्या आठवड्यात पहिली ५ किलोमीटर, फक्त शिकण्यासाठी: गर्दीत उभं कसं राहायचं, बिब, म्हणजे छातीवरचा नंबराचा कागद, कुठे लावायचा, पाण्याचा पेला कसा उचलायचा. वेळ बघायची नाही. आठव्या आठवड्यात दुसरी ५ किलोमीटर, शेवटचे दोन किलोमीटर जोरात. दहाव्यात १० किलोमीटर, आवरून. तेराव्यात ५ किलोमीटर पूर्ण ताकदीने. सोळाव्यात १० किलोमीटर पूर्ण ताकदीने. वेळ मोजणाऱ्या मोफत साप्ताहिक धावा जवळपास असतील तर ५ किलोमीटरसाठी त्या उत्तम. २००४ मध्ये लंडनच्या बुशी पार्कमध्ये १३ धावपटूंनी सुरू झालेली पार्करन ही अशी सर्वांत पसरलेली धाव आहे. एकदा नाव नोंदवून बारकोड घेतला की झालं, चालणाऱ्यांनाही तिथे जागा असते.

हाफ मॅरेथॉन, म्हणजे २१.०९७५ किलोमीटर, पहिल्या उन्हाळ्यात पळू नये असं आमचं स्पष्ट मत आहे. डोंगरवाल्याला हे अंतर किरकोळ वाटतं, कारण तो याहून जास्त चालतो. पण तयारीला १६ ते १८ किलोमीटरच्या सलग धावा लागतात, त्या उन्हाळ्याच्या उष्म्यात कराव्या लागतात आणि तेवढे दणके झेलायला सोळा आठवड्यांचे पाय पुरत नाहीत. गार हवा आली की बघता येईल.

नाव नोंदवण्याआधी चार गोष्टी वाचा. सुरुवात किती वाजता आहे: सकाळी सातनंतर सुटणारी उन्हाळी शर्यत टाळलेली बरी. मार्गाची चढ-उतार कशी आहे. मार्ग अधिकृत मोजलेला आहे का. आणि कटऑफ, म्हणजे किती वेळात संपवायची. १० किलोमीटरला ९० मिनिटांचा कटऑफ असेल तर ताशी ६ किलोमीटरच्या झपझप चालीनेही ती १०० मिनिटांत संपते, म्हणजे नुसतं चालून भागणार नाही. बिब आदल्या दिवशीच मिळत असेल तर तो प्रवासही धरा. आपला बिब कधीही दुसऱ्याला देऊ नका. रस्त्यात तो माणूस कोसळला तर डॉक्टरांच्या हातात तुमचं नाव, तुमचा रक्तगट आणि तुमच्या घरचा फोन येतो.

मधले आठवडे

चार दिवस पळणं पुष्कळ. दोन सावकाश धावा, ३० ते ४५ मिनिटांच्या. एक लांब धाव, पाचव्या आठवड्यात ६ किलोमीटरपासून वाढवत चौदाव्यापर्यंत १२ ते १३ किलोमीटर, तीही सावकाश. आणि एक जोराची. आठवड्याचं एकूण अंतर १५ किलोमीटरवरून हळूहळू ३० ते ३५ वर न्यायचं. दर चौथ्या आठवड्यात ते चौथाईने कमी करायचं.

जोराच्या दिवशी डोंगरवाल्याचं सर्वांत कमकुवत अंग कामाला लागतं. दिवसभराची एकसुरी चाल त्याला येते, पण धाप लागलेल्या अवस्थेत वीस-तीस मिनिटं टिकणं त्याने कधी केलेलं नसतं. सहाव्या-सातव्या आठवड्यात १ मिनिट जोरात आणि २ मिनिटं हळू, सहा वेळा. नवव्यात २ मिनिटं जोरात, २ हळू, पाच वेळा. अकराव्या-बाराव्यात १० किलोमीटरच्या शर्यतीच्या वेगाने ४ मिनिटं, मग २ मिनिटं हळू, चार वेळा. चौदाव्यात १० मिनिटांचे दोन टप्पे, त्याच वेगापेक्षा किंचित सावकाश, मध्ये ३ मिनिटं. एखाद्या आठवड्यात याऐवजी चढ घ्या: ३० सेकंद चढावर पळत वर, चालत खाली, सहा वेळा. चढाची ताकद तुमच्यात आधीच आहे आणि चढावर दणका कमी बसतो, त्यामुळे नडगी कुरकुरत असताना हा पर्याय बरा. टाचेची शीर कुरकुरत असेल तर मात्र चढ अजिबात नको.

शर्यतीच्या आठवड्यात ती शर्यतच जोराचा दिवस, वेगळा जोर नाही. जीव तोडून पळायच्या शर्यतीआधी चार दिवस अंतर निम्मं करा. शर्यतीनंतर किती दिवस जपून राहायचं यासाठी न्यूझीलंडचे मॅरेथॉनपटू जॅक फॉस्टर यांच्या नावाने सांगितला जाणारा ठोकताळा वापरा: जितके मैल पळलात तितके दिवस जोर नाही. ५ किलोमीटरनंतर तीन दिवस, १० किलोमीटरनंतर सहा.

वेग कसा ठरवायचा

५ किलोमीटरची खरी वेळ हातात आली की १० किलोमीटरचा अंदाज काढता येतो. अमेरिकी अभियंता आणि धावपटू पीटर रीगल यांचं सूत्र सोपं आहे: अंतर दुप्पट झालं की वेळ २.०८५ पटीने वाढते. ५ किलोमीटर ३० मिनिटांत पळलात तर १० किलोमीटर सुमारे ६२ मिनिटं ३३ सेकंदांत, म्हणजे किलोमीटरला ६:१५. नुसती दुप्पट करून ६० मिनिटांचं लक्ष्य धरणारा सातव्या किलोमीटरला चालताना दिसतो. सूत्रात हवेचा हिशोब मात्र नाही. गार सकाळच्या ५ किलोमीटरवरून तापलेल्या सकाळच्या १० किलोमीटरचा अंदाज काढू नका.

घड्याळाबद्दल एक गोष्ट नीट समजून घ्या, कारण तिथे हमखास भांडण होतं: "माझ्या घड्याळात १०.१५ आले, मार्ग लांब होता." मार्ग बहुधा बरोबर असतो. अधिकृत मोजणी खास मीटर बसवलेल्या सायकलने, सर्वांत जवळच्या रेषेने, वळणावर कडेपासून ३० सेंटिमीटर अंतर ठेवून होते. अंतर कमी भरू नये म्हणून दर किलोमीटरला एक मीटर जादाही धरतात. तुम्ही मात्र वळणं बाहेरून घेता, लोकांना ओलांडायला नागमोडी पळता आणि उपग्रहाचा सिग्नल इमारतींत हलतो, तेव्हा घड्याळ जास्त दाखवतं. याचा परिणाम बघा. ६० मिनिटांसाठी घड्याळावर ६:०० चा वेग राखला आणि घड्याळाने १०.१५ मोजले, तर तुम्ही ६०:५४ ला पोचता. ५४ सेकंद गेले आणि का गेले तेही कळत नाही. म्हणून घड्याळावर ५:५५ धरा. त्याहून चांगलं म्हणजे स्वयंचलित लॅप, म्हणजे घड्याळाने आपणहून दर किलोमीटरची वेळ नोंदवणं, बंद करा आणि रस्त्यावरच्या किलोमीटरच्या पाटीपाशी स्वतः बटण दाबा. वळण दिसलं की आतली कड धरा, सलग दोन वळणं असतील तर एका आतल्या कोपऱ्यापासून दुसऱ्या आतल्या कोपऱ्यापर्यंत सरळ रेषेत जा.

ऊन

डोंगरात गरम झालं की माणूस झाडाखाली बसतो. शर्यतीत कोणी बसत नाही, आणि धोका त्यातच आहे. उष्माघात लांब शर्यतीत होतो असा समज आहे, पण शरीरात तयार होणारी उष्णता वेगावर अवलंबून असते, म्हणून ५ आणि १० किलोमीटरच्या जोरदार शर्यतींतही माणसं कोसळतात. अमेरिकेत मॅसॅच्युसेट्समध्ये ऑगस्टमध्ये होणारी फॅलमथ रोड रेस ११.३ किलोमीटरचीच आहे, तरी तिथल्या वैद्यकीय तंबूत १८ वर्षांत उष्माघाताचे २७४ रुग्ण आले. ते सगळे वाचले, कारण तिथे रुग्णाला तिथल्या तिथे बर्फाच्या पाण्याच्या टबात बुडवतात.

नुसतं तापमान बघून भागत नाही. दमट हवेत घाम वाळत नाही आणि घाम वाळल्याशिवाय अंग गार होत नाही. आयोजक बघतात तो आकडा वेट बल्ब ग्लोब तापमानाचा: त्यात ओल्या थर्मामीटरचा वाटा ७० टक्के, उन्हात ठेवलेल्या काळ्या गोळ्याचा २० आणि साध्या हवेचा १०. यावरूनच दमटपणा किती जड आहे ते कळतं. हा आकडा २३ अंश सेल्सिअसच्या पुढे गेला की नवख्याने वेळेचं लक्ष्य सोडून द्यावं आणि २८ च्या पुढे शर्यत होऊच नये. झाली तरी तुम्ही पळू नये. भरलेले पैसे बुडाले तर बुडू द्या.

शरीर उष्म्याला सरावतं. १० ते १४ दिवस, रोज ४५ ते ६० मिनिटं उबदार वेळी सावकाश पळलं किंवा झपझप चाललं की रक्तातला द्रव वाढतो, घाम लवकर सुटतो आणि त्याच वेगाला नाडी कमी पडते. आठवडाभर वातानुकूलित खोलीत बसून रविवारी उन्हात पळणाऱ्याला यातलं काहीच मिळत नाही. हा सराव पहिल्या मोठ्या शर्यतीच्या दोन आठवडे आधी करा आणि जोराच्या धावा मात्र गार वेळीच ठेवा.

पाणी किती प्यायचं हे मोजून ठरवता येतं. लघवी करून, कपडे काढून वजन करा, तासभर पळा, अंग पुसून पुन्हा वजन करा. ८०० ग्रॅम घटलं आणि वाटेत २०० मिलिलिटर प्यायलात तर ताशी एक लिटर घाम जातो. तेवढं सगळं वाटेत भरून काढायचं नसतं. ५ किलोमीटरला पाण्याची गरजच नाही, १० किलोमीटरला तहान लागली तर दोन-चार घोट. डोंगरातल्या सवयीने दर वळणावर पीत राहिलात तर पोट डुचमळतं, आणि कित्येक तास चालणाऱ्या शर्यतींत अति पाण्याने रक्तातलं सोडियम उतरून जिवावर बेतू शकतं. उरलेलं पाणी डोक्यावर, मानेवर ओता, शूजवर नको.

ही लक्षणं पाठ करा: पळणारा लडखडतो, विचारलेल्याचं उत्तर भलतंच देतो, चिडतो, दिशा चुकतो. घाम येत असला तरी हा उष्माघात असू शकतो, कातडी कोरडी पडायची वाट बघू नका. त्याला थांबवा, वैद्यकीय मदत बोलवा आणि ती येईपर्यंत गार करत राहा. टब असेल तर गळ्यापर्यंत बर्फाच्या पाण्यात, डोकं बाहेर धरून. नसेल तर बर्फाच्या पाण्यात भिजवलेले टॉवेल सगळ्या अंगावर, सतत बदलत, शिवाय बर्फ मान, काखा आणि जांघांत. आधी गार करायचं, मग हलवायचं. शर्यतीआधी आयबुप्रोफेनसारख्या वेदनाशामक गोळ्या घेऊ नका, उष्म्यात आणि पाणी कमी असताना त्यांचा मूत्रपिंडावर ताण येतो.

शर्यतीचा दिवस

सुरुवात सहा वाजता धरू. साडेतीनला उठा, पावणेचारपर्यंत ओळखीचं, हलकं, पिष्टमय काहीतरी खा. तूप-तेल, डाळी-कडधान्यं आणि नवीन पदार्थ नको. पावणेपाचला मैदानावर. आधी स्वच्छतागृहाची रांग, कारण साडेपाचला ती दुप्पट होते. बिब छातीपुढे, चार पिनांनी, न दुमडता लावा: वेळ नोंदवणारी चिप बहुधा बिबच्या मागेच चिकटवलेली असते आणि दुमडली किंवा पाठीवर गेली तर सुरुवातीला आणि शेवटी रस्त्यावर अंथरलेल्या, चिप वाचणाऱ्या मॅटवर वाचली जात नाही. मागच्या बाजूची आजाराची आणि संपर्काची माहिती आदल्या रात्रीच भरून ठेवा. जांघा, काखा आणि ब्राच्या पट्ट्याखाली पेट्रोलियम जेली लावा. पुरुषांनी स्तनाग्रांवर चिकटपट्टी लावावी. सुती टी-शर्ट घालू नका, भिजला की सँडपेपरसारखा घासतो. डोंगराच्या सवयीने कंबरेला पट्टा, पाठीवर पाणी, खिशात सुका खाऊ असं काही घेऊ नका. किल्ली आणि फोन पुरे.

सव्वापाचला वॉर्म-अप: १० मिनिटं अगदी हळू पळणं, मग २० सेकंदांच्या चार चढत्या वेगाच्या धावा, मध्ये पूर्ण दम घेऊन. पावणेसहाला संपवा. फार गरम असेल तर हळू पळणं पाच मिनिटांवर आणा आणि सावलीत थांबा.

रांगेत आपल्या वेगाच्या पाटीपाशी उभे राहा, पाटी नसेल तर मधल्या भागाच्या थोडं मागे. पुढे उभं राहून काही मिळत नाही: चिप असेल तर तुमची वेळ तुम्ही सुरुवातीची मॅट ओलांडल्यापासून मोजली जाते. भोंगा वाजल्यावर सगळे सुसाट सुटतात आणि पहिला किलोमीटर फुकट मिळाल्यासारखा वाटतो. इथे मुद्दाम मागे राहा. ३० मिनिटांच्या ५ किलोमीटरसाठी पहिला ६:०५, पुढचे तीन ६:०० आणि शेवटचा ५:५५, बरोबर तीस मिनिटं. पहिला ५:३० मध्ये गेला तर वाचवलेली तीस सेकंदं चौथ्या किलोमीटरला दुप्पट होऊन जातात. १० किलोमीटरमध्ये सहा ते आठ हा भाग सर्वांत अवघड असतो. तिथे पुढच्या पाटीपर्यंतचाच विचार करा.

पाण्याच्या टेबलांपैकी पहिलं सोडा, तिथे गर्दी होते आणि जमीन निसरडी असते. शेवटच्या टेबलावरून घ्या. पेल्याची कड चिमटीत दाबून चोच करा आणि तिथून दोन छोटे घोट घ्या, नाहीतर पाणी नाकात जातं. चालायचं असेल तर आधी कडेला या, मागे बघा, मग चाला. बरगडीखाली कळ आली तर वेग कमी करा, तिथे बोटांनी दाबा आणि ओठ आवळून लांब श्वास सोडा, सहसा एक-दोन मिनिटांत जाते.

शेवटच्या मॅटवर थांबू नका आणि तिथेच घड्याळ बंद करायला वाकू नका: मागचा तुमच्यावर आदळतो आणि फोटोत मनगट तेवढं दिसतं. दहा मिनिटं चालत राहा. एकदम थांबलं की पायांत रक्त साचून भोवळ येते. ओला शर्ट बदला आणि तासाभरात नीट जेवा.

काय दुखतंय ते ओळखणं

नडगीच्या आतल्या कडेला वीतभर पट्टा दुखतो आणि पळायला लागल्यावर थोडा सैल होतो: भार जास्त झालाय. एक आठवडा पळणं निम्मं करा, उतार आणि जोर बंद, पोटरीचे व्यायाम चालू. पण नाण्याएवढ्या एकाच जागी बोट लावलं की कळ येते, त्या पायावर उडी मारवत नाही, रात्रीही ठणकतं: हाडाला बारीक तडा गेल्याची शंका घ्या. त्याच दिवशी पळणं थांबवा आणि डॉक्टरांना दाखवा. त्यावर "एवढी शर्यत होऊ दे" म्हणून पळालात तर आठवड्यांचं दुखणं महिन्यांवर जातं.

टाचेमागची शीर सकाळी पहिल्या पावलांना आखडलेली असते, मग सुटते. आधी चढ आणि वेग काढा, सावकाश सपाट धाव बहुधा चालते. आखडणं रोज जास्त वेळ टिकायला लागलं तर तीही बंद. गुडघ्याच्या वाटीभोवती, जिने उतरताना दुखणारं दुखणं डोंगरवाल्यांना ओळखीचं असतं. आखूड पावलं आणि बळकट खुबे-मांड्या हा त्यावरचा उपाय. मोठ्या बोटाचं नख काळं पडलं तर शूज आखूड आहेत किंवा उतारावर पाऊल पुढे सरकतंय. वरची नाडी पुन्हा बांधून बघा.

डोंगर पूर्ण सोडायचा का

नाही. पळण्याने दम वाढतो, पण लांब उतारावर मांड्या जो भार झेलतात तो सपाट रस्ता शिकवत नाही. दर तीन आठवड्यांनी एक छोटी डोंगरफेरी ठेवा: तीन-चार तास, ६ किलोची सॅक, उतार ४०० ते ५०० मीटर उंचीचा. ती लांब धावेच्या जागी धरा आणि कुठल्याही शर्यतीआधीच्या पाच दिवसांत करू नका, कारण उतरणीचं मांड्यांचं दुखणं दुसऱ्या-तिसऱ्या दिवशी सर्वांत जास्त असतं.

सोळाव्या आठवड्यानंतर जुन्या लांब वाटांवर परतताना पहिल्या फेरीत एकूण उतार ६०० मीटरच्या आत ठेवा, दुसऱ्या फेरीत ९००, मग नेहमीसारखं. वर जाताना दम पूर्वीपेक्षा बराच कमी लागेल आणि वरच्या टोकावर लवकर पोचाल. तो वाचलेला वेळ उतरणीला द्या.